साडेसात वाजताचं ऊन

सकाळी नऊ चाळीसला कांता जगदाळेने नोएडातल्या ऑफिसात तापमानाचा तक्ता उघडला आणि ती खुर्चीत सरळ बसली. गुजरातच्या किनाऱ्यापासून वीसेक किलोमीटर आत, समुद्रातल्या एका लोखंडी मचाणावर कंपनीचं वारा मोजणारं यंत्र बसवलेलं आहे. त्या यंत्राची पेटी दिवसात केव्हा किती तापते, याचा हा तक्ता होता. आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे ती पेटी सगळ्यात जास्त तापत होती रात्री साडेसात वाजता. एखाद्या दिवशी नव्हे, रोज. ऑक्टोबरपासून मेअखेरपर्यंत, सलग आठ महिने.

रात्री साडेसातला ऊन कुठून आलं? खरं तर हा तक्ता आज सकाळपर्यंत कोणी मागितलाही नव्हता. सकाळी आठला तिचे वरिष्ठ अनिश सर यांचा मेसेज आला होता, की समितीतल्या एका साहेबांना यंत्र खाऱ्या हवेत, उन्हात टिकतं का ते बघायचंय, तेव्हा तापमानाचं एक पान जोडून बारापर्यंत पाठवा. दुपारी अडीचला दिल्लीत मंडी हाऊसजवळच्या एका सरकारी इमारतीत त्या समितीपुढे कंपनीचा अहवाल जाणार होता. त्या अहवालाच्या दुसऱ्या पानावर, माहितीची तपासणी कोणी केली या रकान्यात, छापील अक्षरांत एकच नाव होतं, कांता संपतराव जगदाळे.

ही कांता म्हणजे कोणी शास्त्रज्ञ वगैरे नव्हे. माहेर पाटण तालुक्यातलं, वनकुसवड्याच्या पठाराखालचं. तिच्या लग्नाच्या सुमारास पठारावर पवनचक्क्या उभ्या राहत होत्या, आणि लांबलचक पाती घेऊन घाटाच्या वळणावर अडकलेले ट्रक बघायला अख्खं गाव जायचं. मग फौजीशी लग्न झालं आणि पठाणकोट, जोधपूर, दिल्ली कँट अशी बिऱ्हाडं झाली. वीस वर्षं ती प्रत्येक रांगेत कोणाची तरी वाइफ म्हणून उभी राहिली. हॉस्पिटलच्या कार्डावर नवऱ्याचा नंबर, कँटीनच्या कार्डावर नवऱ्याचा नंबर. तिचं याबद्दल भांडण नव्हतं, पण अंगवळणीही ते कधी पडलं नाही.

कँटातल्या बायकांच्या कॉम्प्युटर क्लासला ती गेली ती शिवणाच्या क्लासमध्ये जागा उरली नव्हती म्हणून. तिथे तिला स्वतःबद्दल एक गोष्ट कळली. आकड्यांच्या ओळींनी बाकीच्यांच्या डोळ्यांवर झापड यायची, हिला मात्र त्या ओळी बघताना झोप उडाल्यासारखं व्हायचं. संपतराव नायब सुभेदार होऊन रिटायर झाले, दिल्लीच्या द्वारका भागातल्या एका सोसायटीत सिक्युरिटी सुपरवायझर म्हणून लागले, आणि कांता वाऱ्याचा अभ्यास करणाऱ्या या कंपनीत लागली. समुद्र तिने आयुष्यात एकदाच पाहिला होता, गणपतीपुळ्याला, आणि त्याही दिवशी गाडी लागल्यामुळे ती बराच वेळ डोळे मिटून बसली होती. पण गेली सात वर्षं समुद्रावरचा वारा तिच्या हाताखालून जात होता.

यंत्र दर दहा मिनिटांनी एक ओळ पाठवतं. वारा किती, कोणत्या दिशेचा, किती उंचीवर. दिवसाला एकशे चव्वेचाळीस ओळी. त्यातल्या खोट्या ओळी कांताने तांदळातल्या खड्यांसारख्या वेचून काढायच्या. पक्षी आडवा आला, केबल हलली, यंत्र बंद पडलं, सगळं तिला ओळीवरून कळायचं. तिच्याहून निम्म्या वयाचे इंजिनिअर तिच्या टेबलाशी येऊन विचारायचे, ताई, हे खरं की खोटं? आणि तरी दर अकरा महिन्यांनी तिचं कंत्राट संपायचं आणि नव्याने सही व्हायची. यंदा मात्र कंपनीच्या डायरेक्टर सुनयना मॅडमनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, हा अहवाल पार पडू दे, एक जुलैपासून कांता पर्मनंट. त्या पाठोपाठ शनिवारी दुसऱ्या पानावर नाव आलं. कांताने ते पान मोबाईलमध्ये काढून पाटणला भावाला पाठवलं होतं.

आता त्या अहवालात होतं काय, तेही सांगायला हवं. दिवसा सूर्याची वीज मुबलक मिळते, त्याची चिंता कोणाला नाही. चिंता आहे ती संध्याकाळची. सूर्य जातो, माणसं घरी येतात, दिल्लीतल्या घराघरांतले एसी आणि कूलर एकदम सुरू होतात, आणि मग कोळशाला पर्याय उरत नाही. समुद्रात पवनचक्की उभारायची तर जमिनीवरच्या दुपटीहून जास्त खर्च येतो, म्हणून सरकार पैसा घालायला कचरतं. कंपनीचा अहवाल सांगत होता की पैसा घाला, कारण या जागेवर वारा सगळ्यात जोरात वाहतो तो नेमका संध्याकाळी सात ते रात्री अकरा. बाराव्या पानावर त्याचा आलेख होता. अनिश सर त्या आलेखाला हिरो म्हणायचे.

कांताने तक्ता पुन्हा पाहिला. पेटी तापायला हवी दुपारी दोनला, तापते साडेसातला. फरक साडेपाच तासांचा. या कामातल्या माणसाला साडेपाच तास म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. यंत्राचं घड्याळ जागतिक वेळेवर चालतं, भारताची वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे, आणि ही भर नोएडातला प्रोग्रॅम आपोआप घालतो. ही भर दोनदा पडली होती. म्हणजे कोणीतरी यंत्राचं घड्याळच पुढे केलं होतं.

तिने मचाणावर देखभालीला जाणाऱ्या जिग्नेशभाईंना फोन लावला. माणूस सज्जन, होडीने तीन तास उलट्या सोसत मचाण गाठणारा.

"हां मॅडम, घड़ी तो साढ़े पाँच घंटे पीछे चल रही थी," ते अभिमानाने म्हणाले. "सर्विसिंग के टाइम मैंने सही कर दी. फोटो भी ग्रुप में डाला था."

सर्विसिंगसाठी यंत्र अर्धा दिवस बंद होतं, त्यामुळे ओळींमधली उडी कोणाच्या लक्षात आली नव्हती. कांताने ग्रुपवर बोट सरकवत ऑक्टोबर गाठला. एक तारीख. कागदाचा फोटो, जिग्नेशभाईंच्या अक्षरात स्वच्छ लिहिलेलं, घड़ी आगे की. त्या फोटोखाली एकच अंगठा होता, कांताचा. त्या दिवशी ती कुठल्या घाईत होती काही आठवेना. न वाचता अंगठा दिला होता, एवढं खरं. आपण सगळेच देतो, कोणाच्या वाढदिवसाला, कोणाच्या बदलीला. पण आपल्या अंगठ्यावर कोणाचा अहवाल उभा नसतो.

तिने मोबाईल पालथा ठेवला. मग आठ महिन्यांच्या ओळी साडेपाच तास मागे सरकवल्या आणि आलेख नव्याने काढला. वाऱ्याचा जोर दुपारी साडेचारला आला. आठपर्यंत तो उतरणीला लागला होता. संध्याकाळी वारा होता, जमिनीवरच्यापेक्षा बराच होता, पण हिरो काही उरला नव्हता. जून ते सप्टेंबरचे चार महिने सर्विसिंगच्या आधीचे, त्यांना धक्का लागला नव्हता. पण त्यांच्याकडे बघायला कोणाला वेळ होता? ते अहवालाच्या एकतिसाव्या पानावर कोपऱ्यात पडलेले होते.

पावणेबारा वाजता तिने अनिश सरांना फोन केला. घेतला नाही. पुन्हा केला. मग तिने लिहिलं, सर, तातडीचं आहे, ऑक्टोबरनंतरची वेळ साडेपाच तास चुकली आहे, बारावं पान दाखवू नका. दोन निळ्या खुणा आल्या, म्हणजे वाचलं होतं. उत्तर आलं नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं, पंधरा मिनिटं ती त्या खुणांकडे बघत बसली. आजूबाजूला सगळे नेहमीसारखे चहा पीत होते, आणि त्यांच्यातल्या एकालाही हे सांगावं असं तिला वाटेना.

शेवटी तिने नवऱ्याला फोन लावला. संपतरावांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये कोणाच्या तरी गाडीसाठी गेट उघडायला सांगितलं, आणि म्हणाले, "तू सरला कळवलंस ना?"

"कळवलं. वाचलंय त्यांनी. उत्तर नाही."

"मग हेच उत्तर आहे असं समज. तुझी ड्यूटी झाली. वरच्याला डावलून पुढे जायचं नाही, कांता. आणि एक तारीख तीन आठवड्यांवर आलीय, बघ जरा."

"अहो, पण नाव माझं आहे त्यावर."

"म्हणूनच सांगतोय."

"उद्या कोणी तिथे चक्क्या उभ्या केल्या, आणि संध्याकाळी वीज कमी पडली, की हेच पान काढतील. तेव्हा सर कुठे असतील, मॅडम कुठे असतील? मी द्वारकेतच असणार ना."

पलीकडे गेट बंद झाल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "जा मग. पाणी घेऊन जा. बाहेर चव्वेचाळीस आहे."

ब्लू लाइनची मेट्रो यमुना बँक स्टेशनला दहा मिनिटं उभी राहिली. काही तांत्रिक कारण, असं दोन भाषांतून सांगत राहिले. कांताच्या पिशवीत दोन आलेख होते, चुकीचा आणि बरोबर, आणि ती दर मिनिटाला घड्याळ बघत होती. खरं सांगायचं तर त्या दहा मिनिटांत तिला एकदा वाटलंही, की गाडी इथेच राहावी. आपण प्रयत्न केला, गाडीच हलली नाही, असं म्हणता आलं असतं. कोणी बोट ठेवलं नसतं. मग दारं बंद झाली आणि गाडी हलली.

सरकारी इमारतीच्या गेटवर यादीत तिचं नाव नव्हतं. गार्ड म्हणाला, बिना पास के नहीं. तिने अहवाल काढून दुसरं पान दाखवलं आणि आधार कार्ड शेजारी धरलं. गार्डने दोन्ही नावं दोनदा ताडून पाहिली, आत फोन केला, आणि एकदाचा पास फाडून दिला. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

तिसऱ्या मजल्यावर, बंद दाराबाहेर, अनिश सर एकटेच उभे होते. पुण्याचा मुलगा, चौतिशीचा, हुशार, चांगल्या मनाचा. दिवाळीला कांताच्या घरी फराळाला येणारा. तिला बघून तो दचकला, पण कशासाठी आलात असं त्याने विचारलं नाही, आणि तिथेच कांताला सगळं कळलं.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"शुक्रवारी शंका आली. आलेख जरा जास्तच सुरेख होता." त्याने चेहरा पुसला. "शनिवारी तपासला."

"आणि दुसऱ्या पानावर आधी तुमचं नाव होतं ना, सर? शनिवारी माझं आलं."

त्याने बंद दाराकडे पाहिलं. कांताला एकदम आठवलं की भावाने ते पान गावभर दाखवलं होतं. असा राग तिला कित्येक वर्षांत आला नव्हता. पण इथे रडायचं नाही एवढं तिने ठरवलं.

"ताई, ऐका तरी," तो हळू आवाजात म्हणाला. "वेळ चुकलीय, वारा खोटा नाहीये ना? आज फक्त तत्त्वतः मंजुरी आहे. पुढच्या आवृत्तीत आपण गुपचूप दुरुस्त करू. आज ही जागा हातची गेली तर पाच वर्षं समुद्रातल्या वाऱ्याचं नाव कोणी काढणार नाही. कोळसाच जाळत बसतील. हे तुम्हाला हवंय? आणि तुमचं एक तारखेचं..."

"माझं मी बघते."

"आणि अगदी खरं बोलायचं तर," त्याचा आवाज कोरडा झाला, "अंगठा तुम्ही दिला होता."

हे मात्र तिला लागलं, कारण ते खरं होतं. दार उघडलं. शिपायाने आत बोलावलं. कांता सगळ्यात मागच्या खुर्चीवर बसली, पिशवी मांडीवर धरून.

समितीत सहा जण होते. मध्ये बसलेल्या अध्यक्ष बाईंचे केस पांढरे, चष्मा नाकाच्या टोकावर. त्या फार बोलत नव्हत्या. अनिशने वीस मिनिटं छान सांगितलं. बारावं पान पडद्यावर आलं तेव्हा दोघे साहेब पुढे झुकले. अनिश स्वतः सांगेल, या क्षणी सांगेल, असं कांताला शेवटपर्यंत वाटत होतं.

अध्यक्ष बाईंनी पेन खाली ठेवलं. "शाम वाला दावा पक्का है?"

"जी मॅडम, डेटा व्हेरिफाइड है," अनिश म्हणाला. मग, का कोण जाणे, तो मागे वळला. "हमारी व्हेरिफिकेशन हेड भी यहीं हैं."

हेड तिला आजवर कोणी म्हटलं नव्हतं. तो तिला पुढे ढकलत होता की स्वतःला जमत नाही ते तिच्याकडून करून घेत होता, हे कांताला तेव्हाही कळलं नाही आणि नंतरही कळलं नाही. ती उभी राहिली.

"मैडम, जाँच मैंने की थी," ती म्हणाली, "और यह पन्ना ग़लत है."

मग तिने हिंदीतच सगळं सांगितलं. घड्याळ कसं पुढे झालं ते सांगितलं, पण जिग्नेशभाईंचं नाव घेतलं नाही. फोटो आला होता, आपण न वाचता अंगठा दिला, हे सांगितलं. शुक्रवार-शनिवारबद्दल काही बोलली नाही. दुसरा आलेख काढून टेबलावर ठेवला. अनिश भिंतीकडे बघत होता.

"तो फिर," एक साहेब म्हणाले, "इस जगह में ख़ास क्या रह गया?"

कांताने याचं उत्तर तयार केलेलं नव्हतं. पण सात वर्षं ज्या ओळी डोळ्यांखालून गेल्या त्या काही विसरलेल्या नव्हत्या. तिने एकतिसावं पान उघडायला सांगितलं. जुलैत आणि ऑगस्टमध्ये ढगांमुळे सूर्याची वीज दिवसच्या दिवस कमी पडते, ती म्हणाली, आणि तेव्हा समुद्रावर रात्रंदिवस जोराचा वारा असतो, पहाटेसुद्धा, संध्याकाळीसुद्धा. ही जागा रोजच्या संध्याकाळसाठी नाही, पावसाळ्यातल्या त्या वाईट आठवड्यांसाठी आहे. तेव्हा कोळसाही ओला असतो.

कोणीतरी हसलं. अध्यक्ष बाई हसल्या नाहीत. त्यांनी एकतिसावं पान सावकाश वाचलं, वर पाहिलं आणि विचारलं, "बारिश के ये आँकड़े किसने जाँचे?"

"मैंने ही."

"तो इन पर भरोसा क्यों करूँ?"

इतका वेळ कांता घाबरली होती ती नोकरीसाठी. हा प्रश्न तिच्या स्वप्नातही नव्हता. आपली चूक कबूल केली की आपलं खरं कामही त्याच्याबरोबर वाहून जातं, हे तिला तिथे उभ्या उभ्या कळलं. त्या चार महिन्यांची ओळ न् ओळ तिने बघितली होती. पण ते शपथेवर सांगून काय उपयोग होता?

"मत कीजिए," ती म्हणाली. "आप अपना आदमी भेजिए. मेरे बगल में बैठे. मैं एक-एक लाइन उसके सामने खोलूँगी."

बाईंनी शेजारच्या साहेबांशी काही कुजबूज केली. मग निर्णय सांगितला. आज मंजुरी नाही, नकारही नाही. समितीची इंजिनिअर जाऊन बसेल, दुरुस्त अहवाल तीस तारखेला याच खोलीत यावा. फाईल मिटली.

बाहेर आल्यावर अनिश सर तिच्याशी न बोलता जिन्याने उतरून गेले. ती लिफ्टपाशी उभी असतानाच सुनयना मॅडमचा मेसेज आला. अगदी सभ्य भाषेत होता. तुमचं कंत्राट तीस जूनला संपत आहे, नूतनीकरण होणार नाही, तोवर दुरुस्तीचं काम पूर्ण करून द्यावं. कांता लेडीज बाथरूममध्ये गेली, नळ सोडला आणि रडली. सात वर्षं एका सहीसाठी काढली होती, का नाही रडणार? मग तोंड धुतलं, पदराने पुसलं आणि बाहेर आली.

बाहेर एक पोरसवदा मुलगी हातात वही घेऊन वाट बघत उभी होती. समितीची इंजिनिअर. नाव भक्ती पाठक, पण मराठी नव्हे, मेरठची.

"मैम, कल कितने बजे आऊँ?"

"साढ़े नौ."

"कितनी लाइनें हैं?"

"बिगड़ी हुई पैंतीस हज़ार. फिर बारिश वाली अलग."

मुलीचे डोळे मोठे झाले. "सब देखनी हैं?"

कांता मनात हिशेब करत होती. आज आठ तारीख. उद्यापासून तीसपर्यंत बावीस दिवस, रविवार धरून. रोज बिघडलेल्या सोळाशे ओळी सकाळी, पावसाळ्यातल्या ओळी दुपारी. बसत होतं.

"सब," ती म्हणाली.